रिपोर्ट नॉर्मल, तरी आई म्हणते ‘माझ्यात आता काय रवूक नाय’

प्रश्न थोडक्यात असा: ‘आई ७३ वर्षांची आहे. देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी एकटीच असते. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या गणपतीत आम्ही गेलो तेव्हा ठणठणीत होती, मोदक तिनेच वळले. मे महिन्यात गेलो तर दिवसभर ओसरीवर बसून. रातांबे (कोकमाची फळं) झाडाखाली पडून कुजले, तिने हात लावला नाही. ब्लाउज सैल झालेत. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टर म्हणाले, वयोमानाप्रमाणे आहे. तीही म्हणते, “माका काय होवक नाय, वय झाला. माझ्यात आता काय रवूक नाय.” हे खरंच वयच असेल का? तिला इकडे मुंबईजवळ, दिवा इथे आमच्याकडे आणावं का?’

थेट उत्तर आधी देतो. हे नुसतं वय नाही. भाद्रपदात मोदक वळणारी बाई वैशाखात रातांब्यांकडे बघतसुद्धा नाही, एवढा उतार आठ महिन्यांत वयामुळे येत नाही. मागे काहीतरी कारण असतं, बहुतेक वेळा दोन-तीन कारणं एकात एक गुंतलेली असतात, आणि त्यातली बरीचशी उपचारांनी सुटतात. दिव्याला आणायचं की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. त्याच्याकडे शेवटी येतो.

मी सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर डॉक्टरकी करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत एकट्या राहणाऱ्या वयस्क बायका फार. ते साहजिकच आहे. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६, आणि आधीच्या दहा वर्षांत या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली होती. कर्ती माणसं मुंबईला गेली, घर, वाडी आणि देव सांभाळायला आई राहिली. अशा आईच्या तोंडून ‘वय झाला’ हे मी रोज ऐकतो. ते ऐकून मी कागदावर ‘वय’ लिहीत नाही. तिथून तपासणी सुरू करतो.

कारण म्हातारं माणूस स्वतःच्या तब्येतीबद्दल जे बोलतं, ती वैद्यकीय माहिती असते. एलन आयडलर आणि याएल बेन्यामिनी या दोघींनी १९९७ साली जगभरातले २७ अभ्यास एकत्र मांडले. ‘तुमची तब्येत एकंदरीत कशी आहे?’ एवढा साधा प्रश्न. ‘ठीक नाही’ म्हणणारी माणसं पुढच्या काही वर्षांत जास्त प्रमाणात दगावत होती, आणि वय, माहीत असलेले आजार वगैरे हिशेबात धरूनही जवळजवळ सगळ्या अभ्यासांत हा फरक टिकून होता. म्हणजे तपासण्यांना जे सापडलं नाही, त्याची चाहूल त्या माणसाला आतून लागली होती. म्हातारपणाकडे माणूस कसं बघतं याचाही असाच संबंध दिसतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका गावात पन्नाशीपुढच्या ६६० जणांचा माग ठेवला होता. बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यावरून दाखवलं, की स्वतःच्या वाढत्या वयाबद्दल बरं मत असलेली माणसं वाईट मत असलेल्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली.

यावरून ‘आई, तू मन खंबीर ठेव, सगळं ठीक होईल’ असा सल्ला मात्र कृपा करून देऊ नका. आपण थकलो असं वाटणं हे कधी आजाराचं कारण असतं, तर कधी आत दडलेल्या आजाराचाच तो परिणाम असतो. तुमच्या आईंच्या बाबतीत आधी दुसरी शक्यता खोडून काढायला हवी. शिवाय ‘वय झालं’ असं एकदा मनाने घेतलं की माणूस दुखणं सांगायचंच सोडतं. खोकला वयाचा, चक्कर वयाची, भूक मेली तीही वयाने. मग औषध कोण मागणार?

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे काय काय बघितलं, ते तुम्ही कळवलेलं नाही. गावाकडे साधारणपणे हिमोग्लोबिन, शुगर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि एक ईसीजी होतो. एवढ्यात आईंच्या तक्रारीचं उत्तर सापडेलच असं नाही. थायरॉइडची टीएसएच, व्हिटॅमिन बी-१२ आणि रक्तातलं सोडियम या तीन तपासण्या मी मागून घेईन. शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होण्याची शक्यता वाढते, आणि बी-१२ कमी झालं की थकवा, विसराळूपणा, पायांना मुंग्या, तोल जाणं, उदासपणा असं काहीही दिसू शकतं. थायरॉइड मंदावलेला असेल तर माणूस नुसतं बसून राहतं, आणि घरच्यांना ते आळशीपण किंवा म्हातारपण वाटतं.

ब्लाउज सैल झालेत हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला संपूर्ण प्रश्नात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. सहा महिने ते वर्षभरात प्रयत्न न करता वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट झाली, म्हणजे ५० किलोच्या बाईचं अडीच किलो गेलं, तर कारण शोधायलाच हवं. छातीचा एक्स-रे काढा. या वयात क्षयरोग खोकला-तापाशिवायही येतो, नुसता बारीक होत जाणं आणि भूक मरणं एवढ्यावर. पोटाची सोनोग्राफी करून घ्या. स्तनात गाठ, अंगावरून जाणं, शौचातून रक्त याबद्दल बाईमाणसाने विचारायला हवं. मुलाला आई हे सांगणार नाही, सुनेला किंवा मुलीला कदाचित सांगेल. आणि तोंड उघडून बघा. कवळी सैल झाली म्हणून महिनोन्‌महिने पेज पिऊन राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना विचारलं तर त्या म्हणतात, भूक नाय.

आता गोळ्या. यावर जरा थांबतो, कारण तपासण्यांवर हजारो रुपये जातात आणि उत्तर पुष्कळदा गोळ्यांच्या पिशवीत निघतं. मध्यंतरी एका आजींना त्यांच्या पुतण्याने हाताला धरून आणलं. अंगात त्राण नाही, बोलताना मध्येच विसरायच्या, आणि पडण्याच्या भीतीने घराबाहेर पडणं सोडलेलं. मी गोळ्या मागितल्या. सराफाच्या दुकानात मिळते तसली लाल चेनची पर्स त्यांनी कमरेची काढली आणि टेबलावर पालथी केली. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा, काहींची नावं फाटून गेलेली. दोन स्ट्रिपा मी शेजारी ठेवल्या. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळा, आत औषध एकच, बीपीचं ॲम्लोडिपिन. एक इथल्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी त्या लेकीकडे डोंबिवलीला होत्या तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी. दोन्ही रोज चालू. या औषधाने काहींच्या पायांना सूज येते. तशी ती आली, म्हणून कुणीतरी लघवी वाढवायची गोळी दिली. मग रात्री चार-चार वेळा उठणं आणि अंधारात धडपडणं सुरू झालं. शेवटी सोडियम उतरलं, आणि त्यामुळे ती गुंगी आणि विसरणं. दुहेरी गोळी बंद केली, लघवीची बंद केली, मिठाचं प्रमाण सांभाळलं, सोडियम परत परत तपासलं. काही आठवड्यांनी त्या एसटीने एकट्या आल्या. तोपर्यंत घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं की आजीचं डोकं गेलं.

म्हणून आईंच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा. गुडघ्याच्या, ॲसिडिटीच्या, झोपेच्या, कुणी ‘चांगल्या आहेत’ म्हणून दिलेल्या पुड्या, सगळं. एकाच डॉक्टरसमोर ते एकदा ओता आणि प्रत्येक गोळीबद्दल विचारा, ही अजून लागते का? गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी रोज घेतली तर बीपी वाढवते आणि किडनीला त्रास देते. नाव नसलेली पांढरी पुडी घेऊन दोन दिवसांत उड्या मारण्याइतकं बरं वाटत असेल तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. पण ती बरेच दिवस घेतलेली असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगून उतरवत आणा.

शुगरच्या गोळ्यांचं तर विशेष बघा. आई आता पूर्वीच्या निम्मं जेवतात आणि गोळी मात्र तीच, त्याच मात्रेत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर पहाटे शुगर खाली जाते, घाम येतो, डोकं हलकं होतं, सकाळभर मरगळ. आई म्हणणार, वय. या वयाच्या एकट्या राहणाऱ्या माणसाची शुगर तरुणांइतकी कडक ठेवायची गरज नसते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी साडेसात-आठच्या आसपास असली तरी बहुतेकांना पुरते, आणि घसरण्याचा धोका टळतो.

बीपी बसून मोजलं असेल. त्यांना पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहताना डोक्याला रक्त कमी पोचतंय असं समजा. अशी माणसं नकळत बसून राहायला लागतात, कारण बसलं की बरं वाटतं.

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा दोन गोष्टी तुम्हीच करून बघा. हात छातीशी दुमडून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठ-बस करायला सांगा. १५ सेकंदांहून जास्त लागले तर पायांची ताकद कमी झाली आहे. पडवीत चार मीटर मोजा आणि नेहमीच्या चालीने चालायला सांगा. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर चाल मंदावली आहे. आकडे लिहून ठेवा, तीन महिन्यांनी परत मोजा. ‘जरा बरी वाटते’ यापेक्षा हे आकडे डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतात.

एवढं सगळं बघून झाल्यावरही, किंवा त्याच्या बरोबरीने, मनाच्या आजाराचा विचार करायला हवा. आईंच्या बाबतीत मला त्याची दाट शंका आहे. आपल्याकडे म्हातारी माणसं ‘मला उदास वाटतं’ असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, पोटात आग पडता, झोप लागणा नाय, छातीत धडधडता, जीव खय लागणा नाय. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. आवडीचं काम सुटतं. रातांबे कुजू दिले यात नेमकं तेच दिसतं. ज्या बाईने जन्मभर आमसुलांना कधी बुरशी धरू दिली नाही, तिला रातांबे गोळा करायला ताकद नव्हती की इच्छा नव्हती? हा फरक त्यांना शांतपणे विचारा. ‘करूचा मन होता पण हात चलणा नाय’ असं उत्तर आलं तर शरीराकडे जास्त बघायचं. ‘कोणासाठी करू?’ असं आलं तर मनाकडे.

नैराश्य हा आजार म्हातारपणात नजरेतून किती सुटून जातो, याचा आपल्या देशाचा आकडा आहे. २०१७-१८ मध्ये भारतभर वयस्कांची मोठी पाहणी झाली, ‘लासी’ नावाने ती ओळखली जाते. साठीपुढच्यांपैकी ८.३ टक्के लोकांत प्रश्नावलीवरून तीव्र नैराश्याची शक्यता दिसली. डॉक्टरांनी तसं निदान केलंय असं सांगणारे फक्त ०.८ टक्के. दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं असा त्याचा अर्थ होतो. बाकीच्यांना बहुधा टॉनिक, झोपेची गोळी आणि ‘वयोमानाप्रमाणे’ हा शब्द मिळाला असणार.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली, आता त्याचं काय, असं तुम्हाला वाटेल. पण नवरा गेल्यावर बाईचं फक्त माणूस जात नाही. गावात अजूनही हळदीकुंकवाला बोलावणं थांबतं, ओटी भरायला पुढे करत नाहीत, लग्नात मागच्या खुर्च्यांवर बसावं लागतं. पहिल्या वर्षी घर माणसांनी भरलेलं असतं. खरं एकटेपण तिसऱ्या-चौथ्या वर्षी पोचतं, येणारे थांबल्यावर. तुमच्या घरात तरी हे बंद करा. पुढच्या वेळी घरात हळदीकुंकू असेल तर पहिलं कुंकू आईंना लावा. औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहिता येत नाही, पण मला ते औषधाइतकंच गरजेचं वाटतं.

नैराश्याचं निदान झालं तर गोळ्यांना घाबरू नका. आजच्या गोळ्या व्यसन लावणाऱ्या नाहीत. या वयात कमी मात्रेने सुरू करतात, गुण दिसायला चार ते आठ आठवडे लागतात, आणि तोवर धीर धरावा लागतो. सुरुवातीच्या आठवड्यांत सोडियम एकदा तपासावं, कारण काही गोळ्यांनी ते उतरतं. झोपेच्या गोळ्या मात्र शक्यतो टाळा. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांवर रात्री उठलेली म्हातारी माणसं पडतात, आणि त्यांची स्मरणशक्तीही ढवळून निघते.

एक अवघड प्रश्न तुम्हाला विचारावाच लागेल: ‘आई, जगूच नये असं वाटतं का कधी?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘देवान आता नेऊक व्हया’ असं पुष्कळ म्हातारी माणसं म्हणतात, तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. पण त्याच्यापुढे काही करण्याचा विचार दिसला, तर आईंना एकटं ठेवू नका, बागेची कीटकनाशकं घरातून हलवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

स्मरणशक्तीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. आई दोन-तीन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागल्या, रात्री भलतंच दिसतं म्हणाल्या, माणसं ओळखेनाशा झाल्या, तर ती तातडीची वेळ आहे. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, लघवी तुंबणं, सोडियम, शुगर, नवीन गोळी, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. पावसात ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) हा संसर्गही असू शकतो. गावात अशा वेळी देवाकडे जायची पद्धत आहे. गाऱ्हाणं जरूर घाला, कौल लावा, मी कधी नको म्हणत नाही. फक्त ते करणाऱ्यांना सांगून ठेवा की १०८ला फोन त्याआधी गेलेला असला पाहिजे.

कानही बघून घ्या. नुसता मळ निघाल्यावर बोलायला लागलेली माणसं आहेत. डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) टाळता येण्याजोगे १४ धोके ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये सांगितले, त्यात ऐकू कमी येणं हा सगळ्यात मोठ्यांपैकी एक आहे. ऐकू येत नसलेली बाई आधी भजनाला जायची थांबते, मग शेजारी जायची, आणि लोक म्हणतात, हल्ली कोणात मिसळत नाही.

खाण्याबद्दल. एकटीसाठी कोण शिजवणार, म्हणून सकाळी पेज, दुपारी भात आणि सोलकढी, रात्री उरलेला भात. पोट भरतं, पण प्रथिनं मिळत नाहीत, आणि त्याने स्नायू झडतात. या वयात वजनाच्या दर किलोला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या बाईला रोज पन्नास-साठ ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. त्यासाठी डब्यातली पावडर विकत घ्यायची गरज नाही. कुळथाची पिठी रोज चालते. बांगडा, तारली, पेडवे दारात येतात, स्वस्त आहेत, त्यांत चांगलं तेलही असतं. अंडी चालत असतील तर रोज एक-दोन. सुकी मासळी मात्र बीपीवाल्यांनी जपून, तिच्यात मीठ फार. आणि रोज दहा-दहा वेळा खुर्चीवरून उठ-बस, तीनदा. प्रथिनं नुसती खाऊन स्नायू होत नाहीत, त्यांना काम लागतं.

घराचं एवढंच: चिऱ्याच्या पायऱ्यांवर पावसाआधी ब्लिचिंग पावडर टाकून शेवाळ घासून घ्या. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला घट्ट दांडा बसवा. संडास घराबाहेर असेल तर वाटेत उजेड हवा, आणि रात्रीपुरतं खोलीत भांडं किंवा कमोडची खुर्ची. खुब्याचं हाड मोडलं तर बाकी सगळं मागे पडतं.

आता तुमच्याबद्दल थोडं बोलतो. तुम्ही आईंना गणपतीत बघितलंत आणि ठणठणीत होत्या असं लिहिलंत. गणपती आणि शिमगा हे आईची तब्येत बघायचे दिवस नव्हेत. त्या दिवसांत घर भरलेलं असतं, प्रत्येक जण ‘आये, ह्या खय असा?’ विचारत असतो, आणि तीन महिन्यांची उरलीसुरली ताकद त्या दहा दिवसांत खर्च होते. मुंबईकर मुलं तेवढंच बघून निर्धास्त परत जातात. वर्षातून एकदा तरी काही नसताना जा. जुलैतल्या साध्या आठवड्यात, चार दिवस, एकटे. सकाळी चुलीवर काय शिजतं, दुपारी किती वेळ पडून असतात, रात्री कितीदा उठतात, कोण बोलायला येतं, ते नुसतं बघा.

फोनही तसाच. ‘जेवलीस? गोळी घेतलीस? बरी आहेस ना?’ या तिन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हटलं की फोन संपतो, आणि रोज हेच विचारलं की माणसाला आपण कुणाच्या जोखमीची वस्तू झालो असं वाटायला लागतं. त्यांच्याकडे काहीतरी मागा. आमसुलात मीठ किती घालायचं ते बायकोला सांगायला लावा. कुठल्या कलमाला मोहोर आला, कुठलं यंदा धरणार नाही, ते विचारा आणि लिहून घ्या, कारण ते तुम्हाला खरंच माहीत नाही. मोठी बाग आता त्यांच्याच्याने होणार नाही, ती कराराने द्या, पण व्यवहार त्यांच्या हातात ठेवा. पैसे त्यांच्यासमोर मोजले जाऊ देत. रातांबे फोडायला एखादी मुलगी मदतीला ठेवा, आणि ‘तुला होत नाही म्हणून’ असं म्हणू नका, तिला शिकवायला सांगा. मनाचा आजार असेल तर एवढ्याने तो जाणार नाही, औषध लागेलच. पण औषधाने उठावंसं वाटायला लागलं की उठून करण्याजोगं काहीतरी समोर असावं लागतं.

सोयींची माहिती झटपट देतो. सत्तरी पार केलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत, उत्पन्नाची अट नाही, आधार कार्डावर निघतं. एसटीत पंच्याहत्तरीनंतर प्रवास मोफत आहे, तोवर आईंना निम्मं तिकीट. काठी, चष्मा, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी ६५ वर्षांपुढच्या गरजूंना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३००० रुपये मिळतात. गावातल्या आशाताईंचा नंबर तुमच्या फोनमध्ये असू द्या. महिन्यातून एकदा वजन आणि बीपी घेऊन कळवाल का, असं त्यांना विचारा. अडीअडचणीला १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

आणि दिव्याला आणायचं का? आज, या अवस्थेत, कायमचं म्हणून आणू नका. नैराश्यात असलेलं माणूस ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतं, आणि चौथ्या मजल्यावरच्या खोलीत, जिथे कुणी ओळखीचं नाही, भाषा कळते पण बोलायला विषय नाही, तिथे आणखी खचतं. घर बंद झालं, तुळशीला पाणी घालायला कुणी नाही, हा विचार त्यांना रात्री झोपू देणार नाही. मात्र पाच-सहा आठवड्यांसाठी, तपासणीसाठी, जरूर आणा. पावसाळा त्याला बरा. निसरड्यात पडायचं भय टळतं, शेतात चिखलात जाणं टळतं, आणि मुंबईच्या सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात वर लिहिलेलं सगळं कमी खर्चात होतं. आणलंत की पाहुणी म्हणून बसवून ठेवू नका. भाजी निवडणं, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, देवपूजा, काही ना काही त्यांच्या वाट्याला द्या.

फक्त निघण्याआधीच परत जायची तारीख ठरवा आणि ती त्यांना सांगा. गणपतीच्या आठवडाभर आधीची गाडी धरा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुटतं आणि कोकणच्या गाड्या सुटल्यासुटल्या भरतात, म्हणजे आईंना आणायला निघायच्या आधीच परतीचं तिकीट काढलेलं हवं. तोवर तपासण्या झालेल्या असतील, औषध लागू पडायला सुरुवात झालेली असेल. मग कायमचं कुठे राहायचं, ते त्यांना गावच्या घरात बसून, गणपती आटोपल्यावर विचारा, आणि त्या जे म्हणतील त्याप्रमाणे बाकीची व्यवस्था लावा.